एसएलआरचा बोल्ट पुरता बसत नाही तेव्हा

"मेजर, बोल्ट बसंना!"

फायरिंग पॉइंटवरून अशी हाक आली की मी आधी बोल्टकडे बघायचोच नाही, पोराच्या हाताकडे बघायचो. बोट ट्रिगरवर आहे का? बूट उचलून कॉकिंग हँडलवर हाणायच्या तयारीत आहे का? की रायफल तशीच वळवून मला दाखवायला निघालाय? नवं पोर हमखास वळतं. "हे बघा ना मेजर" म्हणत नळी अख्ख्या लाइनवरून फिरवतं. म्हणून पहिलं काम ठरलेलं: नळी टारगेटकडे, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, चेंज लिव्हर ‘एस’वर (सेफवर) जात असेल तर ‘एस’वर. बोल्टचं दुखणं त्यानंतर.

मी राखीव पोलिसांच्या एका गटात आर्मोरर, म्हणजे शस्त्रं सांभाळणारा आणि दुरुस्त करणारा, होतो. आयुष्याची सव्वीस वर्षं कोतमधल्या, म्हणजे शस्त्रागारातल्या, तेलाच्या वासात गेली. इन्सास आली, एके आली, पण बंदोबस्ताला, गार्डला आणि वार्षिक गोळीबार सरावाला माझ्या हातून सगळ्यात जास्त गेली ती ईशापूर कारखान्याची ७.६२ मिमी एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल). म्हणून इथं तिचंच सांगतो. आता निवृत्त झालोय, तरी कोतमधली नवी पोरं फोन करतात आणि दर वेळी तेच विचारतात. एकदाच लिहून ठेवतो.

फोनवर मी उलटा एकच प्रश्न करतो: बोल्ट कुठं अडलाय? मधेच, बोटभर अलीकडे, की जवळजवळ बसलाय आणि फक्त शेवटचा केसभर राहिलाय? बहुतेकांना सांगता येत नाही, कारण बघायच्या आधीच त्यांनी हँडल दोनदा ओढलेलं असतं. अडलेली जागा हाच पुरावा, आणि तोच आपण पुसून बसतो.

ही रायफल बंद कशी होते ते डोळ्यांपुढे असेल तर निम्मं काम झालं. आपण ज्याला सरसकट बोल्ट म्हणतो ते दोन भाग असतात. खाली ब्रीच ब्लॉक, वर त्याला वाहून नेणारा कॅरियर. मागून रिटर्न स्प्रिंग ढकलते, दोघं मिळून पुढे येतात, ब्लॉक मॅगझिनमधला राउंड (काडतूस) ढकलत चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, घालतो आणि थांबतो. कॅरियर मात्र आणखी थोडा पुढे जातो, आणि जाता जाता ब्लॉकचं शेपूट खाली दाबतो. ते शेपूट बॉडीत आडव्या बसवलेल्या पोलादी तुकड्यासमोर, म्हणजे लॉकिंग शोल्डरसमोर, जाऊन बसतं. वाड्याच्या दाराला आतून अडसर पडतो ना, तसंच. इन्सासचा बोल्ट फिरून लॉक होतो, हिचा झुकून होतो. त्यामुळे दार लोटलंय पण अडसर पडला नाही अशी अवस्था हिच्यात असते, आणि वरवर बघणाऱ्याला ती बंदच वाटते.

दुसरी गोष्ट, डाव्या बाजूचं कॉकिंग हँडल बोल्टला फक्त मागे ओढतं. बोल्टबरोबर ते पुढेमागे पळत नाही. तेव्हा हँडल पुढे ढकलून बोल्ट बसवता येत नाही. मी किती जणांना तसं ढकलताना पाहिलंय, त्याची गणती नाही. आणि बनवणाऱ्यानं ती सोय ठेवली नाही ते मला बरंच वाटतं. बोल्ट आपणहून जात नाही म्हणजे तो काहीतरी सांगतोय, आणि आपण त्याच्या तोंडात बोळा कोंबायला निघालोय.

रेंजवर करायचं ते थोडकंच. नळी टारगेटकडे ठेवून मॅगझिन काढायची. हँडल पूर्ण मागे ओढून धरायचं, खालच्या कॅचनं बोल्ट मागे अडकवायचा आणि चेंबरमध्ये बघायचं. नुसतं बघून भागत नाही, करंगळी घालून चाचपायचं. राउंड बाहेर पडला तर तो उचलून नीट बघा: नळकांड्याला (काडतुसाच्या पितळी कवचाला) पोचा आहे का, गोळी आत दबली आहे का, वाळू चिकटली आहे का. राउंड खराब असेल तर तो बाजूला ठेवायचा, दुसऱ्यानं बोल्ट बसला की विषय संपला. दुसऱ्यानंही अडला तर तिथं खटपट करत बसू नका. ‘खाली कर’, म्हणजे रायफल रिकामी, मग ती मागे, आर्मोररकडे.

आणि हँडलच मागे येत नसेल, जिवंत राउंड आत अर्धवट फसला असेल, तर तीन गोष्टी करायच्या नाहीत. बूट मारायचा नाही. दस्ता जमिनीवर आपटायचा नाही, कारण तसं करताना तोंड नळीवर येतं आणि लाकडी दस्ता तडकतो तो वेगळाच. नळीतून सळई घालून ठोकायचं तर अजिबात नाही. नळी भरपूर फायरनं तापलेली असेल तर आतला राउंड नुसत्या उष्णतेनंही जाऊ शकतो, म्हणून माणसं मागे घ्यायची, नळी टारगेटकडेच राहू द्यायची आणि निवू द्यायची. अर्धवट बसलेल्या बोल्टवर ट्रिगर दाबून बघणाऱ्याला मी रेंजवरून घरी पाठवलेलं आहे. साहेबांना विचारत बसलो नव्हतो.

आता कोतमधलं काम. टेबलावर एकही जिवंत राउंड नको. चाचणीला ड्रिल राउंडच (दारू नसलेले, सरावाचे), आणि ड्रिल राउंडचा डबा जिवंत राउंडच्या खोलीत ठेवायचा नाही. माझ्या उस्तादांनी हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं, कानाला धरून.

रायफल रिकामी असल्याची खात्री करा, मॅगझिन बाहेर. मागचा लिव्हर दाबून रायफल मधून उघडा, म्हणजे दस्ता आणि ट्रिगरचा डबा खाली झुकतो. कॅरियरच्या मागे एक लांब सळी असते, आम्ही तिला उंदराची शेपटी म्हणतो. रायफल उघडी असताना ती दस्त्यातल्या स्प्रिंगपासून सुटलेली असते. म्हणजे आता बोल्टवर ना स्प्रिंगचा जोर आहे, ना हॅमरचा अडथळा. नळी खाली करा. बोल्ट आपल्या वजनानं सरसर पुढे घसरला पाहिजे आणि शेवटी अंगठ्यानं हलकं दाबलं की शेपूट ‘टक्’ करून खाली बसलं पाहिजे. नळी वर केली आणि बोल्ट मागे खेचला की तसाच परत आला पाहिजे.

सगळी तपासणी या एका चाचणीभोवती फिरते. उघड्या रायफलीत बोल्ट लोण्यासारखा सरकतो पण रायफल बंद केली की अडतो, तर दोष मागे, दस्त्यात. उघड्यातही अडतो, तर दोष पुढे. आणि रिकामा नीट बसतो, पण ड्रिल राउंड घातला की बसत नाही, तर दोष चेंबरमध्ये, एक्स्ट्रॅक्टरमध्ये (राउंडची कड पकडून बाहेर ओढणारं नख) नाहीतर हेडस्पेसमध्ये, म्हणजे बंद बोल्टपुढे राउंडला मिळणाऱ्या जागेच्या मापात.

मागचा दोष आधी उरकतो. दस्त्यात एकात एक बसवलेल्या दोन रिटर्न स्प्रिंग असतात. कुणीतरी कौतुकानं तेल ओतलेलं असतं, ते आत साठून धुळीबरोबर चिखल होतो. शेपटी वाकली असेल तर ती स्प्रिंगच्या नळीत घासते, मग टेबलाच्या काठावर ती आडवी ठेवून उजेड बघायचा. आणि स्प्रिंगच म्हातारी झाली असेल तर रिकामी रायफल बंद करून हँडल दोन बोटं मागे घ्या आणि हळूच सोडा. चांगली स्प्रिंग तेवढ्यावरूनही बोल्ट नेऊन बसवते. थकलेली वाटेत दम खाते. स्प्रिंग ओढून लांब करणारे महाभाग आहेत. ओढलेली स्प्रिंग चार दिवस काम करते आणि पाचव्या दिवशी बंदोबस्तात बसते. इंडेंट (मागणीपत्र) टाका, नवी घ्या.

पुढचा दोष शोधताना एकेक गोष्ट काढत जायची. बोल्ट बाहेर घेतला की वरचं झाकण मागे सरकवून काढा आणि झाकणाशिवाय घसरवून बघा. आता नीट जातोय? मग झाकणाला पोचा आहे. ट्रकमध्ये रायफली एकमेकींवर पडून येतात, झाकण दबतं, बोल्ट आतून घासतो. झाकणाच्या आत चकचकीत ओरखडा दिसला की समजा. झाकण काढूनही अडतोय? मग नळीच्या वरच्या गॅस प्लगचं बटण दाबून प्लग पाव वळसा फिरवा आणि पिस्टन, म्हणजे गॅसच्या जोरानं कॅरियरला मागे ढकलणारी सळई, बाहेर घ्या. प्लगवर अंगठा ठेवायला विसरू नका, मागे पिस्टनची स्प्रिंग दाबलेली असते. एकदा असा सुटलेला प्लग कोतच्या ट्यूबलाइटवर गेला होता, ट्यूबलाइटचा खर्च माझ्या खिशातून. पिस्टन कार्बननं जाम झाला किंवा त्याची स्प्रिंग तुटली, तर तो मागेच राहतो, त्याचं टोक बॉडीत डोकावतं आणि कॅरियर नेमका त्यावर येऊन थांबतो. सगळे बोल्टला शिव्या घालतात आणि गुन्हेगार वरच्या नळीत बसलेला असतो. पिस्टन काचेवर लोळवून बघा. वाकडा असेल तर डुगडुगतो.

तरी अडतोय, तर बॅटरी घ्या आणि लॉकिंग शोल्डरचा कोपरा बघा. ही जागा कुणी साफ करत नाही. चिंदी तिथं पोचत नाही आणि बोट पोचत नाही, म्हणून पुलथ्रू (चिंदी बांधून नळीतून ओढायची दोरी) ओढून नळी आरशासारखी करणारा जवानही हा कोपरा तसाच सोडतो. कोकणातल्या पावसाळी बंदोबस्तावरून आलेली एक रायफल माझ्याकडे आली होती. बोल्ट केसभर राहायचा. कोपऱ्यात ग्रीस, लाल माती आणि चिंदीचे धागे यांची दाबून दाबून वडी झालेली. ब्लॉकचं शेपूट खाली बसायला जी जागा लागते, तीच भरलेली. बांबूची काडी टोकदार करून ती वडी खरवडून काढली. लोखंडी टोचा वापरू नका, त्या कोपऱ्याला ओरखडा नको. नंतर रॉकेलनं पुसलं, कोरडं केलं, तेलाचं बोट फिरवलं. दहा मिनिटांचं काम. त्या पोरानं आठवडाभर अर्धी बंद रायफल खांद्यावर वागवली होती.

आता राउंडसोबतच न बसणारा बोल्ट. यात खरी मेख असते.

ब्लॉक बाहेर काढून ठेवा आणि ड्रिल राउंड हातानं चेंबरमध्ये सोडा. नळी खाली केली की तो आपल्या वजनानं आत जाऊन बसला पाहिजे आणि नळी वर केली की बाहेर घसरला पाहिजे. जात नसेल तर चेंबरमध्ये काहीतरी आहे. ते काहीतरी बरेचदा चिंदीचा तुकडा असतो. हसू नका, अधिकाऱ्याच्या रायफलीतूनही मी काढलाय. गंज असतो, घट्ट झालेलं जुनं ग्रीस असतं, किंवा चेंबरच्या गळ्याशी कार्बनचं कडं असतं. नळीचा ब्रश चेंबरला पुरत नाही, चेंबर रुंद आहे, त्याचा ब्रश वेगळा. तो घालून फिरवा. आणि फायरच्या आधी चेंबर कोरडा करा. तेल ठेवणीसाठी, फायरसाठी नाही.

चेंबरमध्ये दुसरी एक चीज असू शकते, ती ओळखता आलीच पाहिजे. एका सरावात तिसऱ्या लेनवरच्या जवानाचा बोल्ट बोटभर अलीकडे थांबला. त्यानं राउंड काढला, राउंड छान दिसत होता. दुसरा घातला, तिथंच थांबला. तिसरा घ्यायच्या आत मी पोचलो. त्याच्या आधी उडालेलं नळकांडं शोधायला सांगितलं. सापडलं ते गवतात, आणि होतं अर्धंच. बुडाचा भाग बाहेर पडलेला, पुढचा पितळी भाग चेंबरमध्येच चिकटलेला. बॅटरीच्या उजेडात चेंबरच्या आत सोनेरी कडं चमकत होतं, बाहेर काढलेल्या राउंडच्या खांद्यावर गोल ओरखडाही होता. नवा राउंड त्या फाटक्या नळकांड्यात शिरून अडकत होता. जोर लावून कुणी तो बसवला असता आणि उडवला असता, तर पुढचं सांगायची माझी इच्छा नाही.

तुटकं नळकांडं काढायला वेगळं हत्यार मिळतं, तेच वापरायचं. पण काढून झालं म्हणून रायफल परत लाइनवर द्यायची नाही. नळकांडं फाटलं कशामुळे, हा प्रश्न राहतो. त्या लॉटचे राउंड खराब असतील, नाहीतर रायफलीची हेडस्पेस वाढली असेल. त्या लॉटचे दुसऱ्या रायफलींमध्ये नीट चालले असतील, तर संशय रायफलीवर.

चेंबर साफ आहे, राउंड हातानं नीट बसतोय, पण ब्लॉक लावला की केसभर राहतोय? एक्स्ट्रॅक्टर बघा. नखाखाली पितळेची कीस आणि कार्बन बसला की ते उचललं जात नाही आणि राउंडच्या कडेवर चढत नाही. एक्स्ट्रॅक्टर काढून ठेवा आणि बोल्ट पुन्हा बसवून बघा: आता बसला तर दोष एक्स्ट्रॅक्टरचाच. फायरिंग पिनही इथंच तपासा. मागून बोटानं दाबली तर टोक बाहेर आलं पाहिजे आणि सोडली की आत गेलं पाहिजे. टोक बाहेरच अडकलेलं राहत असेल तर ती रायफल त्याच क्षणी बाजूला. बोल्ट नुसता पुढे आला तरी तसली पिन राउंड उडवू शकते.

आणि आता माझ्या आवडीचा दोष. आवडीचा म्हणजे डोकं खाणारा. शनिवारी सफाई. प्लॅटूनच्या रायफली ताडपत्रीवर उघडलेल्या, एका ट्रेमध्ये सगळे बोल्ट रॉकेलात. चहा आला, गप्पा झाल्या, मग ज्याच्या हाताला जो बोल्ट लागला तो त्यानं घातला. सोमवारी दोन रायफली बसत नाहीत आणि एक फारच मोकळी बसते. रायफली एकाच कारखान्याच्या, एकाच मापाच्या, मग बोल्ट कुठलाही का चालू नये, असं साहेबांनीही मला विचारलं होतं. कारण लॉकिंग शोल्डर प्रत्येक रायफलीला वेगवेगळ्या जाडीचा असतो. बॉडी, नळी आणि ब्लॉक यांच्या मापांत जो बारीक फरक राहतो, तो जुळवायला कारखान्यात योग्य जाडीचा शोल्डर निवडून ठोकलेला असतो. ब्लॉक बदलला की ती जुळणी गेली. ब्लॉक किंचित लांब निघाला तर बोल्ट राउंडवर बसत नाही. किंचित आखूड निघाला तर मजेत बसतो, आणि तोच जास्त वाईट, कारण मागे मोकळीक राहते आणि पुढच्या कुठल्यातरी सरावात नळकांडं फाटतं.

म्हणून बोल्ट अडला की ब्लॉक, कॅरियर आणि बॉडीचे नंबर जुळवून बघा. हे खरं तर मी वर पहिल्यांदा लिहायला हवं होतं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नंबर जुळत नसतील तर बाकी काही तपासू नका, आधी जोडीदार शोधा. आमच्याकडे मग मी प्रत्येकाला जुनं मॅगझिन पाउच दिलं: सफाईच्या वेळी आपला बोल्ट आपल्या पाउचमध्ये, ट्रेमध्ये नाही. पोरं कुरकुरली, पण पुढच्या सरावात तशी एकही तक्रार आली नाही.

नंबर जुळतात, घाण नाही, एक्स्ट्रॅक्टर ठीक, तरी बसत नाही: आता गेज, म्हणजे हेडस्पेस तपासायचे मापाचे ठोकळे. एक्स्ट्रॅक्टर काढून, चेंबर आणि ब्लॉकचं तोंड कोरडं करून ‘गो’ गेज घाला आणि बोल्ट अंगठ्यानं हलकेच पुढे न्या. स्प्रिंगच्या जोरावर गेजवर आपटू देऊ नका, गेज बिघडतो आणि खोटं सांगायला लागतो. ‘गो’वर बोल्ट बसला पाहिजे, ‘नो गो’वर बसता कामा नये. यातलं एक जरी चुकलं तरी ते काम वर्कशॉपचं. तिथं शोल्डर बदलतात, गेज लावून. एका कोतमध्ये बसत नाही म्हणून शोल्डरला कानस मारलेली रायफल मी पाहिलीय. छान बसत होती. ‘नो गो’वर पण छान बसत होती. लाल चिठ्ठी बांधून मी ती परत पाठवली.

दुरुस्ती झाली की पाच ड्रिल राउंड मॅगझिनमध्ये भरून हातानं चालवा. प्रत्येक वेळी हँडल पूर्ण मागे न्या आणि सोडून द्या, हातानं धरून हळूहळू पुढे नेऊ नका. त्यानंही बोल्ट अर्धवट राहतो, आणि मग तुम्ही ठीक असलेली रायफल पुन्हा खोलून बसता. पाचही आत गेले आणि बाहेर पडले की रजिस्टरला नोंद करा: रायफल नंबर, बोल्ट कुठं अडत होता, काय सापडलं, काय बदललं. "बोल्ट खराब, दुरुस्त केला" असं लिहू नका. माझ्या आधीच्या आर्मोररनं एका रायफलीपुढे तीन वर्षांत चार वेळा तेच लिहिलं होतं. ती माझ्याकडे पाचव्यांदा आली तेव्हा मी पिस्टन काचेवर ठेवला. डुगडुगत होता.